एका मात्रेची चूक

हुबळी, दुर्गद बैल
४ ऑक्टोबर १९३७

इंदू,

वर ‘चि. सौ.’ लिहायचं की नुसतं ‘चि.’ यात माझी सकाळ गेली. ‘सौ.’ लिहावं तर तुझं लग्न मी मान्य केलं असं होतं, आणि न लिहावं तर कासाराच्या हातून अशुभ घडतं. शेवटी नुसतं नाव लिहिलं. चार वर्षांनी लिहितोय, तेव्हा एवढं चालवून घे.

तुझी आई समोर बसली आहे. तिला अक्षर कळत नाही, पण ओळी मोजता येतात. “एवढंच?” म्हणून दोनदा विचारून झालं. अगं बाई, लिहितोय की!

आधी माझ्या तोंडाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गेल्या वर्षी डावीकडची खालची दाढ दुखायला लागली. मी लवंग दाबली, तंबाखू दाबली, शेजारचा कुंकूवाला भीमसेन सांगेल ते ते दाबलं. भीमसेन अजून तसाच आहे, कुंकू तोलून देतो आणि सल्ला न तोलता. उन्हाळ्यात गाल एवढा सुजला की बांगड्या भरायला आलेली गिऱ्हाइकं विचारायची, “बळेगार, तोंडात लाडू धरलाय काय?” जूनमध्ये गालाला भोक पडून पू वाहायला लागला. मग मिरजेला गेलो. डॉक्टर म्हणाले, दाढेचं सोडा, हाडच कुजलंय. ९ जुलैला मला गुंगी देऊन डाव्या जबड्याचं बोटभर हाड त्यांनी काढलं आणि उरलेलं हलू नये म्हणून खालचे दात वरच्या दातांना तारेनं बांधले. सहा आठवडे.

तारेनं म्हणजे खरंच तारेनं. तोंड उघडायचंच नाही. शेवटच्या दाढेमागं एक फट असते, तिथून पातळ काय ते आत जातं. आईनं फडताळातलं बोंडलं काढलं, लहानपणी तुला दूध पाजायचं तेच, पितळेचं, आणि त्यातून मला पेज, ताक, अंबील पाजलं. मी बावन्न वर्षांचा, मिशीवाला, आणि ती एका हातानं माझी मान धरून दुसऱ्या हातानं बोंडलं लावायची. “गीळ, गीळ” म्हणायची. नवऱ्याला अरे-तुरे करायची हौस तिनं त्यात भागवून घेतली.

जे काय सांगायचं ते पाटीवर. ज्या माणसाची बडबड चार दुकानं पलीकडं ऐकू जायची, तो पाटीवर ‘पाणी’ लिहून वर करायचा. आणखी एक झालं. हाड काढताना आतली शीर कापावी लागली, त्यामुळं खालचा ओठ आणि हनुवटीची डावी बाजू मेली. चिमटा काढला तरी कळत नाही. परत जीव येईल का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. एवढं शिकून हे उत्तर. दुखत मात्र काही नाही. आता काहीच दुखत नाही.

मुख्य गोष्ट पुढं आहे. तार काढून महिना झाला होता, मी दुकानात बसायला लागलो होतो. १८ सप्टेंबरला, शनिवारी दुपारी, एक गृहस्थ आले. रेल्वेचा कोट, हातात छत्री. त्यांनी कानडीत विचारलं, “इंदुमतीच्या माहेरचे इथं आहेत का?” मी म्हणालो, ‘इल्ले’. इथंच. पण माझं तोंड दोन बोटंच उघडतं, ओठ ऐकत नाही, आणि शेवटची मात्रा आतच राहिली. त्यांना ऐकू गेलं ‘इल्ल’. नाही. ते नमस्कार करून निघून गेले, आणि मला मागून हाक मारता आली नाही. तुला कानडीतलं काय सांगायचं, तू तर शिकलेली. एका मात्रेची चूक झाली.

ते तुझे यजमान होते हे आम्हाला दुसऱ्या दिवशी भीमसेनकडून कळलं. जाताना त्यांनी त्याच्याकडून कुंकू घेतलं आणि बोलता बोलता सांगितलं, मी रुद्रप्पा, अळणावर स्टेशनात असतो, बायकोला दिवस गेलेत, तिला माहेरची ओढ लागली म्हणून शोधत आलो, पण इथं कुणी नाही म्हणाले. भीमसेन गप्प बसला. मी नंतर विचारलं तर म्हणतो, “मला वाटलं तू मुद्दामच म्हणालास. तुमच्या घरचं मी का बोलू?” शहाणाच आहे.

तर असं झालं. सातव्या महिन्यातल्या हिरव्या बांगड्या माहेरच्या असतात. आई म्हणते, लिहा, या म्हणून. लिहिलं.

अप्पा


हुबळी
२३ ऑक्टोबर १९३७

इंदू,

उत्तर आलं नाही. टपालवाला गल्लीत शिरला की आई उंबऱ्यावर येते आणि तो पुढं गेला की उंबरा झाडल्यासारखं करते. आज तिसऱ्यांदा झाडला.

दसरा होऊन गेला. दुकान चालू आहे, चालू म्हणजे उघडं आहे. तू लहान असताना माझ्या मांडीशी बसून बघायचीस, तेव्हा तुला धंद्याचं वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. बांगडी हातानं चढत नाही, बोलण्यानं चढते. बाईचा हात धरला की तो पहिल्यांदा लाकूड असतो. मग आपण विचारायचं, अक्का, धाकटीचं जमलं का, सासूबाईंचा गुडघा कसाय, या खेपेला गौरीला सून आली होती म्हणे? ती हसते, नाहीतर चिडते. चिडली तरी चालते. त्या एका क्षणात हात लोण्याचा होतो आणि बांगडी अंगठ्याच्या हाडावरून पलीकडं जाते. ती म्हणते, “अगंबाई, गेली की!” हे मी बापाकडून शिकलो. बाप म्हणायचा, कासाराचा हात दुसरा, जीभ पहिली.

आता मी हात धरतो आणि गप्प बसतो. बोललो तर “काय, काय?” करत बाई कान पुढं आणते आणि हात आणखी ताठ होतो. मग ठरलेले तीन-चार शब्द तेवढे बोलतो. बर्री अक्का. इल्ले कूड्री. साकु? या, बसा, पुरे का, एवढंच. बाकी माप माझ्या बोटांना पाठ आहे. तरी परवा एका नवरीच्या हातावर एका बैठकीत सात बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणायचं नाही, वाढल्या म्हणायचं. कासाराच्या दुकानात कधी काही फुटत नाही, बघ, सगळं वाढतं. तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर चार वर्षं मी “धारवाडला असते” म्हणायचो. तेही त्यातलंच.

सातवी वाढली तेव्हा नवरीच्या आईनं मुलीचा हात माझ्या हातातून काढून घेतला. रागानं नाही. म्हणाली, “बळेगार, तुम्ही जरा आराम करा,” आणि पलीकडच्या दुकानात गेली. पलीकडं नवा कासार बसतो, तिशीचा आहे, अखंड बडबड करतो. मी त्याची बडबड ऐकत बसलो. बरी करतो.

डॉक्टरांनी एक लाकडी पाचर दिली आहे. ती दातांत धरून रोज सकाळी थोडी थोडी आत सारायची, म्हणजे जबडा उघडेल. लाकूडतोड्या लाकूड फोडताना पाचर ठोकतो तशी, फक्त ठोकायची नाही. पूर्वी दोन बोटं उघडायचं, आता अडीच. गेल्या सोमवारी पहिल्यांदा भाकरी खाल्ली. खाल्ली म्हणजे आईनं दुधात कुसकरली, मी उजवीकडून चावली. चव आली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही, मी म्हटलं, मीठ कमी आहे.

न्हावी दाढी करतो त्यानं काल हनुवटीवर कापलं. त्यानंच “अय्यो!” केलं म्हणून मला कळलं. त्याला वाटलं मी मोठा सोशिक आहे. वाटू दे.

तुझी तब्येत कशी आहे ते लिही. मला लिहायचं नसेल तर आईला लिही, वाचून मीच दाखवणार आहे.

अप्पा


हुबळी
१४ नोव्हेंबर १९३७

इंदू,

पत्र पोचलं. शुक्रवारी दुपारी आलं, मी आईला चार वेळा वाचून दाखवलं. पाचव्या वेळेला ती माझ्याआधी म्हणायला लागली. माझं वाचणं बोबडं आहे, तरी तिला पाठ झालं.

त्यातलं तू लिहिलेलं मी इथं परत लिहितो, म्हणजे मला ते नीट कळलंय का बघता येईल. तू लिहितेस की रुद्रप्पा हुबळीहून परत आले आणि म्हणाले, तुझ्या माहेरचं तिथं कुणी नाही, असं एका कासारानंच सांगितलं. तू म्हणालीस, कसा होता तो कासार? ते म्हणाले, गालावर फडकं बांधलेला, सुकलेला, न बोलणारा. तू म्हणालीस, मग ते माझे अप्पा नव्हेतच, माझे अप्पा तर गप्प बसतच नाहीत. मग माझं पत्र पोचलं आणि तो मीच होतो हे कळलं. तेव्हा रुद्रप्पा म्हणाले, पण त्यांनी मला स्वच्छ ‘इल्ल’ म्हटलं. त्यावरून तुम्ही दोघं भांडलात. तू म्हणालीस, “अप्पा रागानं माझ्याशी दहा वर्षं बोलणार नाहीत, पण दारात माझं नाव घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणारच नाहीत. तुमच्या कानांची चूक आहे.” पंधरा दिवस तू त्यांच्याशी धड बोलली नाहीस. म्हणून पत्राला उशीर झाला.

आणि खाली त्यांनी कानडीत, मला सासरा म्हणून हाक घालून, दोन ओळी लिहिल्यात. मावा, माझ्या कानांना क्षमा करा. आजारी माणसाचं बोलणं मी नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

अक्षर चांगलं आहे त्यांचं.

आईनं गल्लीत साखर वाटली. भीमसेनला वाटली, नव्या कासाराला वाटली, न्हाव्याला वाटली. न्हावी म्हणाला, काय विशेष? तर म्हणाली, “लेक येणार आहे, आणि नुसती नाही येत!” मी दुकानातून बघत होतो. मला वाटलं होतं या दिवशी मला काहीतरी होईल. छातीत होतं म्हणतात, गळ्यात होतं म्हणतात. मी वाट बघितली. मग एक गिऱ्हाईक आलं.

तू लिहितेस, सातव्यात बांगड्या भरायला येईन, पण रीतीनं येईन. लग्नात रीत झाली नाही, आता तरी माहेराहून मुराळी न्यायला यायला हवा. भाऊ नाही, तेव्हा अप्पांनीच मुराळी होऊन यावं, आणि बांगड्या त्यांच्याच हातानं भराव्या, दुसऱ्या कुणाच्या नाही. आईनं पंचांग दाखवून घेतलं, ३ डिसेंबरचा शुक्रवार चांगला आहे. गुरुवारी न्यायला यायचं.

कळलं.

तुझ्या हाताचं माप सव्वादोन होतं. आता किती असेल कोण जाणे, या दिवसांत हात सुजतो. दोऱ्यानं माप घेऊन पाठव, मुठीचं, मनगटाचं नको.

अप्पा


हुबळी
२२ नोव्हेंबर १९३७

इंदू,

दोरा मिळाला. गाड्यांचं विचारून आलो, सकाळची गाडी बरी. आईनं डिंकाचे लाडू केलेत, त्यातला एक मला खाता आला. बाकी क्षेम.

अप्पा


हुबळी
१ डिसेंबर १९३७

इंदू,

हे पत्र टपालानं नाही, तुझ्या आईच्या हातानं येतंय. मुराळी म्हणून मी यायचा होतो, ती आली आहे. बाईमाणूस एकटं मुराळी म्हणून येत नाही, हसतील लोक, पण ती म्हणाली, हसू देत. तिला मी सांगितलंय की गाडीच्या हिसक्यानं माझा जबडा ठणकतो. ते खोटं आहे. माझा जबडा ठणकत नाही, तुला मागंच लिहिलंय.

त्या शनिवारी मी ‘इल्ल’च म्हणालो.

तोंड चुकलं नाही. त्या दिवशी सकाळपासून मी कमीत कमी वीस बायकांना ‘इल्ले कूड्री’ म्हणून बसवलं होतं आणि वीसही जणी बरोबर तिथंच बसल्या होत्या. ‘इल्ले’ मला येतं. ऑपरेशननंतर सगळ्यात आधी आलेला शब्द तो. माझ्या मागच्या एका पत्रात तो लिहिलेला आहे, तुझ्या लक्षात आला नाही. तू शोधत नव्हतीस म्हणून आला नाही.

काय झालं ते सांगतो. दुपारी आई पेज देऊन आत गेली, मी गादीवर बसून ती प्यायलो. रुद्रप्पा आले. चार वर्षं त्या माणसाला मी मनात शिव्या घालत होतो. माझ्या लेकीला धारवाडला शिकायला पाठवलं आणि यानं तिला कचेरीत नेऊन सही करून पळवली, जात नाही, पात नाही, देव नाही, ब्राह्मण नाही. त्या शिव्या ज्याला लागू पडतील असा एक माणूस मी मनात घडवून ठेवला होता. चपट्या नाकाचा, मोठ्या आवाजाचा. हे तसे नव्हते. दुकानाबाहेर चपला काढून उभे राहिले. अजून त्यांनी काही विचारलं नव्हतं, त्यांची नजर माझ्या डोळ्यांवरून खाली हनुवटीवर गेली आणि थांबली. पेज गळत होती. सदऱ्यावर आली होती. मला कळलं नव्हतं, मला कळतच नाही, कुणाच्या तरी नजरेवरूनच कळतं. त्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला आणि पुढं केला. बोलले काही नाहीत. चांगुलपणानं केला, इंदू. तेच वाईट झालं. हसले असते तर मी हाकलून दिलं असतं, आणि तो राग तुला ताठ मानेनं लिहिला असता.

मी रुमाल हातात घेतला आणि त्यांनी तुझं नाव घेतलं. इंदुमतीच्या माहेरचे इथं आहेत का? तेव्हा कोण आलंय ते कळलं. माझ्या मनात आलं, हा आता घरी जाऊन तिला सांगणार, तुझा बाप भेटला, लाळ गळत होती, मी पुसायला रुमाल दिला. तू त्यांना सांगितलेला बाप वेगळा होता. भरल्या गालांचा, बडबड्या, मिशांना पीळ देणारा. त्यांच्या डोळ्यांपुढं तो होता म्हणून तर त्यांनी मला ओळखलं नाही. मला वाटलं, तोच राहू दे. मी म्हणालो, ‘इल्ल’. मिरजेहून आल्यापासून इतका स्वच्छ शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. रुमाल तसाच परत दिला, तोंड न पुसता.

लाज होती की चार वर्षांचा राग होता ते मला सांगता येत नाही. मिरजेला डॉक्टर सुई टोचून विचारायचे, टोचलं का? मी विचार करून म्हणायचो, टोचलं असेल. तसंच आहे हे. लाज असती तर बरं, असं मला वाटतं. पण निव्वळ लाजच होती असं म्हणालो तर ते परत एक खोटं होईल. तू दाराशी येऊन परत जावीस असंही कुठंतरी वाटलं असेल. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले तेव्हा मी उरलेली पेज प्यायलो.

भीमसेननं दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. ती धावत दुकानात आली, गिऱ्हाइकांसमोर माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “या मेल्या तोंडानं घात केला हो!” मी मान हलवली. मी केलं ते एवढंच. खोटं माझ्यासाठी तिनंच शोधून काढलं, मला आयतं मिळालं. मग ते मी तुला सविस्तर लिहिलं, मात्रेचं वगैरे तर मी स्वतःच्या पदरचं घातलं, आणि लिहिताना मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी मी रंगवून काही सांगत होतो.

मग तुझं पत्र आलं. मी नाही म्हणणारच नाही म्हणून तू नवऱ्याशी भांडलीस. पंधरा दिवस! सातव्याला टेकलेली बाई! आणि शेवटी त्यांनी माझी क्षमा मागितली. रुद्रप्पांना सांग, त्यांचे कान चांगले आहेत. क्षमा मी मागायची आहे, आणि ती त्यांच्या समोर उभं राहून मागायची आहे, पण त्याआधी त्यांना हे कळायला हवं, नाहीतर ते मला आजारी समजून आधीच देऊन टाकतील.

मी आलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. गुरुवारी तुला घेऊन आलो असतो, शुक्रवारी तू पाटावर बसली असतीस, हात पुढं केला असतास. मला बोलायचीही गरज नव्हती. माझ्या तोंडाकडं बघूनच तुझा हात लोण्यासारखा मऊ झाला असता, आणि एकही बांगडी वाढली नसती. हे मी आठ दिवस डोळ्यांपुढं आणून बघितलं. सगळं जमतं, इंदू. तोंड उघडता येतं, भाकरी चावता येते, दुकान उघडता येतं. तुझा तसा मऊ झालेला हात धरता येणार नाही. तिथं काहीतरी टोचलं. कुठं ते सांगता येत नाही, पण टोचलं एवढं खरं.

गाठोड्यात हिरव्या बांगड्या आहेत. दोऱ्याच्या मापाच्या दोन डझन आणि त्याहून एक घर मोठ्या दोन डझन. शुक्रवारी कुठंही असलीस तरी रिकाम्या हातानं राहू नकोस, ज्याच्या हातानं वाटेल त्याच्या हातानं भर. मला बोलावलंस तर येईन. इकडं यायचं असेल तर ये, घर तुझं आहे. मला बघायचं नसेल तर मी दुकानात राहीन, आईपाशी राहा.

हे मी आईला सांगितलेलं नाही. चार वेळा सांगायला गेलो. कोणत्या तोंडानं सांगू असं लोक उगाच म्हणतात, मला ते आता शब्दशः आहे. ती माझ्याकडं बघते, तिला माझी कीव येते, ती भाकरी आणखी बारीक कुसकरते, आणि मी खातो. दीड महिना खाल्ली. हे पाकीट ती पदराच्या गाठीला बांधून आणेल, तिला वाटतंय यात आशीर्वाद आहेत. माझ्या देखत तिनं हे ऐकलं तर मी परत मान हलवीन, नाहीतर तोंड दुखल्यासारखं करीन. मला माझी खात्री नाही. म्हणून तुझ्या तोंडून.

तू हे आधी मनातल्या मनात वाचलं असशील, लहानपणापासून तुला ती खोड आहे. ती समोर बसून विचारत असेल, काय लिहिलंय गं एवढं, वाच की! रुद्रप्पांनाही बोलावून बसव, जे त्यांना कळणार नाही ते तू कानडीत सांग. आणि आता पहिल्यापासून मोठ्यानं वाच. मध्येच ती तुझा हात धरून पुरे म्हणेल. थांबू नकोस.